बुडबुड झाली, चीं कुठाय?

26 डिसेंबरच्या सकाळी इंग्लंडात कुठलाही फ्रिज उघडा, आत कालचा नाताळ थंडगार पडलेला असतो. आमच्या घरमालकीणबाईंच्या फ्रिजमध्ये टर्कीचा सांगाडा होता, पातेलंभर कुस्करलेले बटाटे होते आणि ब्रसेल्स स्प्राउट्स होते. स्प्राउट्स म्हणजे कोबीची बाळं. काल जेवताना प्रत्येकाने एकेक बाळ घेऊन उरलेली शेजाऱ्याकडे सरकवली होती, त्यामुळे शिल्लक भरपूर.

बाईंचं वय पंच्याऐंशी, उजवं मनगट प्लास्टरमध्ये. सबब, बबल अँड स्क्वीक करायचं काम वरच्या खोलीतल्या भाडेकरूकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. शिळा बटाटा, शिळा कोबी, कालवून परतायचं. मी मनात हसलो. ज्या घरात फोडणीची पोळी खाऊन लहानाचा मोठा झालो, त्या घरच्या मुलाला शिळं परतायला कोण शिकवणार?

बाई शिकवणार होत्या. काठी टेकत येऊन त्या ओट्याजवळच्या खुर्चीत बसल्या.

"हळद कुठे निघाली?" पहिला प्रश्न. मी डबा परत ठेवला. तळायला खरं तर मांसाची चरबी हवी, पण मी शाकाहारी म्हणून लोण्याची सवलत मिळाली. ही सवलत त्यांनी एवढ्या दुःखी चेहऱ्याने दिली की मला अपराधी वाटलं. वास्तविक शाकाहारी झालाय तो पदार्थच. 1806 सालच्या, मरिया रंडेल या इंग्रज पाककृती-लेखिकेच्या कृतीत गोमांस आणि कोबी आहे, बटाट्याचा पत्ता नाही. मांसाची जागा त्याने पुढे बळकावली. हे मी बाईंना सांगितलं नाही. मला खोली टिकवायची होती.

सारण तव्यात थापलं आणि माझा हात सवयीने उलथण्याकडे गेला.

"हलवायचं नाही!"

मराठी माणसाला गॅससमोर उभं करून हलवू नको म्हणणं म्हणजे लग्नात मामाला बसून राहा म्हणण्यासारखं आहे. पण खालून खरपूस पापुद्रा धरल्याशिवाय हात लावायचा नाही, असा कायदा. आणि पापुद्रा धरला हे ओळखायचं कानाने. नावच त्या आवाजांवरून पडलंय: आधी बुडबुड, मग चीं. अडचण एकच, बाईंना ऐकू कमी येतं आणि नाताळच्या गडबडीत त्यांचं कानातलं यंत्र कुठेतरी गेलं होतं. त्यामुळे तव्याचं धावतं समालोचन माझ्याकडे.

"बबल?"

"झालं!" मी ओरडलो.

"स्क्वीक?"

मी तव्यावर कान नेला. चुर्र येत होतं. फस्स येत होतं. चीं मात्र येईना. बाईंनी मान हलवली. "थांब मग."

आम्ही थांबलो. त्या काळात त्यांनी रेशनच्या आठवणी काढल्या. 1940 ला सुरू झालेलं रेशन 1954 ला संपलं, म्हणजे यांचं अख्खं बालपण कूपनांत गेलं. त्या घरात कोबीचं पानही वाया जात नसे. ऐकताना मला आमची आजी आठवली, तिची ताकाची गडवी आठवली, डोळे पाणावले. मग लक्षात आलं की डोळे आठवणीने नाही, धुराने पाणावलेत.

आता उलटायची घाई. थालीपीठ मी झोपेत उलटतो, पण थालीपीठात भाजणीची एकी असते. इथे बटाटा आणि कोबी नाइलाजाने एकत्र राहत होते. उलथणं खाली घातलं, मनातल्या मनात गणपती म्हटला आणि झटका दिला. अर्धं तव्यात पडलं, पाव शेगडीवर, उरलेलं बाईंच्या प्लास्टरवर. त्याच क्षणी छतावरचा धुराचा भोंगा कर्कश चीत्कारला.

बाईंचा चेहरा उजळला.

"हां! आता ऐकू आलं!"

भोंगा बंद करायला मी स्टुलावर चढेपर्यंत त्यांनी डाव्या हाताने तुकडे बशीत घेतले, वर ब्राउन सॉस ओतला आणि खायला सुरुवातही केली. त्यांच्या आईचंही कधी अख्खं उलटलं नव्हतं, असं खाता खाता म्हणाल्या. हे आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. तेवढं त्यांना ऐकू आलं नाही.

दोन घास उरले. ते त्यांनी डबीत भरले, झाकण लावलं आणि फ्रिजमध्ये ठेवायला माझ्या हातात दिले.

"उद्यासाठी," म्हणाल्या.