नॅरोगेज म्हणजे संथ, हे कुणी ठरवलं?

आमच्या मूर्तिजापूरची शकुंतला, म्हणजे अरुंद रुळांची नॅरोगेज रेल्वे, ब्रॉडगेज करायची की वारसा म्हणून जपायची, यावर गावाकडे पुन्हा जुंपली आहे. एका बाबतीत मात्र दोन्ही बाजूंचं एकमत: नॅरोगेज म्हणजे रांगणारी गाडी. हे वाचलं की माझं डोकंच फिरतं.

मी जपानमधल्या नागोयात राहते. आओनामी लाइनने किंजोफुतोला उतरलं की तिथल्या रेल्वे संग्रहालयात सी62-17 हे वाफेचं इंजिन उभं आहे. दोन रुळांमधलं अंतर 1067 मिलिमीटर, चाकांचा व्यास 1750. 15 डिसेंबर 1954 ला किसो नदीच्या पुलावर या इंजिनाने ताशी 129 किलोमीटर गाठले. अरुंद रुळांवर वाफेचा तोच विक्रम. त्यासाठी केवढी अक्कल लढवली! चाकांच्या मध्ये रुंद भट्टी मावत नाही, म्हणून ती मागच्या लहान चाकांवर नेली. त्या चाकांच्या दोन जोड्या दिल्या, भार वाटला गेला. बॉयलर आणला डी52 या मालगाडीच्या इंजिनाचा. दक्षिण आफ्रिकेच्या 1935 च्या 16ई इंजिनांची चाकं तर 1829 मिलिमीटरची, म्हणजे सहा फूट उंच, तीही 1067 वरच.

शकुंतला 762 ची, तिची तुलना इथे कशी, असं कुणी म्हणेल. बरं, मग आपलं मीटरगेज घ्या. जपानपेक्षा जेमतेम 67 मिलिमीटर कमी. त्यावर एक्सप्रेस ओढणारं वायपी हे वाफेचं इंजिन आपण जमशेदपुरात बांधत होतो. या वादात त्याचं कुणी नावही काढत नाही.

मग शिनकानसेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, 1435 वर का, असं मला हमखास विचारतात. सी62 च्या आरेखनाची धुरा ज्यांच्याकडे होती, त्या शिमा हिदेओंनीच पुढे शिनकानसेन उभी केली, रुंद रुळांवर. पण जपानने आधी 1067 मधून निघेल तेवढं सगळं काढून घेतलं. आपण 762 ला हलके रूळ दिले, ते तसेच झिजू दिले आणि दोष रुंदीला दिला.

इतकी वर्षं इथे काढून शिनकानसेन मला आपली वाटत नाही. सी62 वाटतं. मी मूर्तिजापूरची. इथे कुणी घरची रेल्वे विचारली की शकुंतलेचं नाव मला ताठ मानेने घ्यायचं असतं, आणि ते जमावं म्हणून परक्यांच्या इंजिनांचे आकडे मी तोंडपाठ केलेत. ब्रॉडगेज करायचं तर खुशाल करा. फक्त गाडी रुळांच्या रुंदीमुळे रांगत होती, असं पोरांना सांगू नका.