फ्रिजवरचं मॅग्नेट

फेब्रुवारी 2024 मध्ये कुरकुंभच्या कारखान्यात शेकडो किलो एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) सापडलं, तेव्हापासून पुण्याकडच्या गप्पांत दोनच सूर ऐकू येतात: पोलीस झोपले होते का, आणि पोरगं वाईट संगतीला लागलं. आइसलँडच्या राजधानीतून, रेक्याविकमधून ऐकताना दुसरं वाक्य अर्धवट वाटतं. संगत लागली ती किती वाजता, कोणाच्या रिकाम्या फ्लॅटवर?

आइसलँडने हेच विचारलं. 1998 मध्ये इथली 15-16 वर्षांची 42 टक्के मुलं आदल्या महिनाभरात कधी ना कधी दारू पिऊन झिंगली होती. 2016 मध्ये 5 टक्के. गांजा ओढून पाहिलेली 17 वरून 7 टक्क्यांवर आली. फ्रिजवरच्या मॅग्नेटवर वेळा छापलेल्या असतात: 12 वर्षांपर्यंतच्यांनी रात्री आठनंतर, 13 ते 16 च्या मुलांनी दहानंतर मोठ्यांशिवाय बाहेर राहायचं नाही. मे ते ऑगस्ट दोन तासांची सवलत. संध्याकाळच्या खेळ-संगीतासाठी पालिका दर मुलामागे पैसे देते.

खरी मेख पालकांच्या करारात आहे. एका वर्गातले आईबाप बसून ठरवतात: मोठं माणूस घरी नसताना पार्टी नाही, कोणाच्याच मुलासाठी दारू आणायची नाही, दुसऱ्याच्या मुलावरही लक्ष ठेवायचं. मग 'सगळ्यांना परवानगी आहे, मलाच नाही' हे हुकमी अस्त्र बोथट होतं. एकट्या घराचा नियम मित्राच्या दारात संपतो. शुक्रवारी रात्री पालक गटाने फेरी मारतात. झडती नाही, ओरडा नाही, नुसतं दिसायचं.

चार लाखांहून कमी वस्तीचा देश, मान्य. पण वर्गात घरं चाळीसच असतात ना? आपल्याला त्या चाळिसांचे गणितातले मार्क ठाऊक, मित्राच्या आईचा नंबर नाही. 'दहावीचं वर्ष' म्हणून फुटबॉल बंद करायचा, तोही नेमका या वयात. आणि काकांची सिगारेट आणायला नववीतल्या पोरालाच टपरीवर धाडायचं (18 खालच्यांना ती विकणं गुन्हा आहे, हे टपरीवाल्यालाही ठाऊक असतं).

पुडी सापडली की थप्पड, मोबाईल जप्त, क्लास-मैदान बंद. नशा न करणारे मित्र तुटतात, पुडीवाला तेवढा उरतो. कायद्याच्या भीतीने प्रकरण दाबतात, ते वेगळंच. थोड्या मालासह सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 64अ त्याला खटल्यातून सूट देतं. उपचार अर्धवट सोडले तर ती जाऊ शकते. केंद्राची चौकशी 14446 या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फुकट होते.