जंगलाच्या ‘इंटरनेट’चा दावा आणि बुरशीची बाजू

जंगलातील झाडे जमिनीखाली बुरशीच्या ‘इंटरनेट’ने एकमेकांशी जोडलेली असतात, जुने ‘माता-वृक्ष’ आपली रोपे ओळखून त्यांना याच जाळ्यातून अन्न पुरवतात, किडीचा हल्ला झाला की शेजाऱ्यांना सावध करतात आणि म्हणून जंगल म्हणजे परस्परांची काळजी घेणारे एक कुटुंब आहे, असा मजकूर गेली अनेक वर्षे फिरत आहे. तो पुढे पाठवणाऱ्यांना जंगलाबद्दल मनापासून आस्था असते, यात शंका नाही. परंतु सिद्ध झालेले, अर्धवट तपासलेले आणि प्रत्यक्ष जंगलात कधीच न आढळलेले असे सारे त्यात सारख्याच ठामपणे सांगितलेले असते, आणि ज्या सजीवाच्या जोरावर ही कथा उभी आहे, त्या बुरशीला तिच्यात निव्वळ तारेचे काम उरते. ही दुसरी चूक अधिक गंभीर आहे.

दाव्याचा पाया मात्र खरा आहे. बहुतेक वनस्पतींच्या मुळांशी बुरशीचे सहजीवन असते आणि जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी १८८५ मध्ये त्याला मायकोरायझा हे नाव दिले. बुरशीचे तंतू मुळांपेक्षा कितीतरी बारीक असल्यामुळे मातीच्या ज्या फटींत मूळ शिरू शकत नाही तेथे ते पोहोचतात, तेथून स्फुरद, नत्र आणि पाणी आणतात आणि त्या बदल्यात झाडाने प्रकाशसंश्लेषणातून तयार केलेले कार्बनयुक्त अन्न घेतात. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथे सापडलेल्या सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही वनस्पतींच्या पेशींमध्ये अशी बुरशी दिसते, इतका हा व्यवहार जुना आहे. झाड आणि बुरशी यांच्यातील या देवाणघेवाणीबद्दल वाद नाही. बुरशीमार्फत एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे काय जाते, याबद्दल आहे.

सगळे जंगल एका जाळ्याने जोडलेले असते, हा पहिला मुद्दा. दोन झाडांच्या मुळांवर एकाच जातीची बुरशी आढळली म्हणून ती झाडे जोडलेली आहेत असे ठरत नाही, कारण ते त्या जातीचे दोन स्वतंत्र जीव असू शकतात. जोड दाखवायची तर डीएनए तपासून दोन्हीकडे तोच एक जीव आहे हे सिद्ध करावे लागते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात असे काम झाले आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद तुकड्यातील डग्लस फर या सूचिपर्णी वृक्षाच्या ६७ झाडांची मुळे आणि ऱ्हायझोपोगॉन या बुरशीच्या दोन जाती तपासल्यावर एका झाडाचा संबंध इतर ४७ झाडांशी लागला. काम उत्तम आहे, पण तंतू मध्ये कोठे तुटलेले नाहीत, हे डीएनए सांगू शकत नाही. मातीतील बारीक प्राणी ते सतत कुरतडत असतात. जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा यांनी २०२३ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा जंगलात अशा रीतीने जोडणीचा नकाशा काढल्याची उदाहरणे झाडांच्या फक्त दोन जातींबाबत मिळाली. पृथ्वीवर झाडांच्या सुमारे ७३,००० जाती असाव्यात असा अंदाज आहे.

अन्न पुरवण्याचा मुद्दा अधिक बारकाईने पाहावा लागतो, कारण त्याच्यामागे खरोखरच एक महत्त्वाचा प्रयोग आहे. कॅनडाच्या वनशास्त्रज्ञ सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये तो प्रसिद्ध केला. पेपर बर्च आणि डग्लस फर यांची रोपे शेजारी लावून, त्यांच्या फांद्यांवर पिशव्या बांधून, एकाला कार्बन-१३ असलेला आणि दुसऱ्याला कार्बन-१४ असलेला कार्बन डायऑक्साइड देण्यात आला; कार्बनची ही वेगळी रूपे नंतर ओळखता येतात, म्हणून ती खुणेसारखी वापरतात. खुणेचा कार्बन दोन्ही दिशांना गेलेला आढळला आणि एकूण हिशेबात डग्लस फरला थोडा लाभ झाला. मात्र त्याच प्रयोगात रेड सीडरचीही रोपे होती. सीडरची बुरशी वेगळ्या गटातली असल्यामुळे ते बर्च आणि फर यांच्या जाळ्यात असू शकत नव्हते, आणि तरीही थोडा खुणेचा कार्बन त्याच्यापर्यंत पोहोचला. मुळांतून पाझरलेले पदार्थ मातीतल्या पाण्यातून किंवा सूक्ष्मजीवांमार्फतही शेजारच्या मुळाला मिळू शकतात, हे यावरून दिसते. मेलनी जोन्स या १९९७ च्या निबंधाच्याही सहलेखिका होत्या. २०२३ मध्ये त्यांनीच फेरतपासणीत भाग घ्यावा, याला विज्ञानात मोठा मान आहे.

पुढच्या अनेक प्रयोगांत रोपांभोवती जाळी पुरण्यात आली: एक इतकी बारीक की बुरशीचा तंतूही जाऊ नये, दुसरी जिच्यातून तंतू जाईल पण मूळ जाणार नाही. तंतू जाऊ शकणाऱ्या जाळीतले रोप चांगले वाढले, तर ते शेजारच्या झाडाने पोसले म्हणून, की त्याच्या बुरशीला मातीचा मोठा भाग धुंडाळता आला म्हणून, हे एवढ्यावरून सांगता येत नाही. शिवाय निकाल एका दिशेचे नाहीत. काही ठिकाणी रोपांना फायदा झाला, काही ठिकाणी तोटा, आणि पुष्कळदा काहीच फरक पडला नाही. खुणेचा कार्बन शेजारच्या मुळांत सापडला तरी तो मुळावरच्या बुरशीच्या शरीरातच राहिला असण्याची शक्यता उरते, आणि तसे असेल तर त्याला रोपाचे पोषण म्हणता येणार नाही.

धोक्याची सूचना देण्याबाबतचे पुरावे मुख्यतः कुंड्यांतले आहेत. टोमॅटोवरील करप्याचा प्रयोग २०१० मध्ये आणि घेवड्याच्या वर्गातील ब्रॉड बीनवरील माव्याचा प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्हींत बुरशीने जोडलेल्या शेजारी रोपाची संरक्षण-यंत्रणा जागी झाली. हे निष्कर्ष लक्षवेधी आहेत, पण कुंडीतल्या टोमॅटोवरून शंभर वर्षांच्या वृक्षाबद्दल बोलता येत नाही. मोठी झाडे आपल्याच वंशाच्या रोपांना या जाळ्यातून अन्न किंवा इशारे पाठवतात, याला तर २०२३ च्या आढाव्यात जंगलातील एकाही प्रसिद्ध अभ्यासाचा आधार मिळाला नाही.

राहिला ‘कुटुंबा’चा मुद्दा, आणि येथेच बुरशीवर सर्वांत मोठा अन्याय होतो. बुरशी ही स्वतःची वाढ आणि पुनरुत्पादन साधणारी सजीव आहे. उत्क्रांतीच्या वंशवृक्षात ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहे. टोबी कीर्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले की ज्या मुळाकडून कार्बन जास्त मिळतो, त्याला बुरशी स्फुरदही जास्त देते. स्वीडनच्या उत्तरेकडील जंगलांवरील २०१३ च्या अभ्यासात असे दिसले की नत्र दुर्मीळ असताना बुरशी त्यातला मोठा वाटा स्वतःकडेच ठेवते आणि झाडाची टंचाई वाढवू शकते. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात सुमारे ९.६ चौरस किलोमीटरवर पसरलेला आर्मिलेरिया बुरशीचा एकच जीव आहे. तोही एका झाडाकडून दुसऱ्याकडे जमिनीखालून पोहोचतो, आणि झाडांची मुळे कुजवून त्यांना मारतो.

एका वनस्पतीकडून दुसरीकडे बुरशीमार्फत कार्बन पोहोचल्याचे सर्वांत भक्कम उदाहरण मोनोट्रोपा या हरितद्रव्य नसलेल्या वनस्पतीचे आहे. एरिक ब्यॉर्कमान यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात झाडांमध्ये खुणेची शर्करा सोडली आणि ती जवळच्या मोनोट्रोपात सापडली. मोनोट्रोपा झाडाची कोणी लागत नाही, बदल्यात काही देत असल्याचेही दिसत नाही. ती बुरशीवर जगणारी परजीवी आहे.

या कथेमुळे लोक जुनी झाडे वाचवायला पुढे येतात, मग ती तपासायची कशाला, असे काही जण विचारतात. जुनी झाडे राखण्याची भक्कम कारणे उपलब्ध असताना ती राखण्याचा युक्तिवाद कच्च्या पुराव्यावर उभा करणे धोक्याचे आहे. स्वीडनमध्येच पीटर ह्यॉगबेर्ग आणि सहकाऱ्यांनी पाइनच्या बुंध्याभोवतीची साल काढून पानांतले अन्न मुळांकडे जाणे थांबवले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार मातीचा श्वसनवेग, म्हणजे मुळे आणि मातीतले सजीव कार्बन डायऑक्साइड सोडण्याचा वेग, पाच दिवसांत ३७ टक्क्यांपर्यंत आणि एक-दोन महिन्यांत सुमारे निम्म्याने घटला, आणि मुळांवर जगणाऱ्या बुरशीच्या छत्र्या त्या भागात जवळजवळ उगवल्याच नाहीत. मोठे झाड तोडले की ही बुरशी उपाशी पडते आणि नव्या रोपांच्या मुळांवर वस्ती करायला मातीत ती कमी उरते, हे सांगण्यासाठी माता-वृक्षाची गरज नाही.