सहा मार्कांत जग वाचवा

भूगोलाच्या पेपरात नकाशा भरा, फरक सांगा, इथपर्यंत माझं बरं चालतं. मग येतो तो प्रश्न. ‘क्ष प्रदेशात नदीकाठी कारखाना आहे, वरच्या अंगाला जंगलतोड चालू आहे, खालच्या अंगाला शेतकरी आणि मच्छीमार राहतात. शाश्वत विकासाच्या दृष्टीने उपाय सुचवा.’ मार्क सहा. म्हणजे कारखाना बंद पडायला नको, मच्छीमार उपाशी राहायला नको, नदीत फेस दिसायला नको, आणि हे सगळं बारा ओळींत बसायला हवं. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली याच कामासाठी १७ ध्येयं आणि त्याखाली १६९ लक्ष्यं ठरवली आणि २०३० पर्यंतची मुदत घेतली, इथे मला पंधरा मिनिटं पण नाहीत!

सुरुवात व्याख्येने करायची. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाचा १९८७ चा अहवाल, पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणे वगैरे. हे पाठ असतं. त्यानंतर जे सुचत नाही त्याची कोरी पानं मी पुढच्या पिढ्यांसाठी राखून ठेवतो.

बाकी हुकमी मुद्दे तीनच, जनजागृती करावी, कडक कायदे करावेत, झाडे लावावीत. आता मासे मेलेत ही जागृती मच्छीमारांत कोणी करायची, त्यांना तर आधीच माहितीये. सर म्हणतात नेमकं लिहा, कोण करणार, पैसे कोण देणार. बरं नेमकं लिहायला जावं तर एका उपायातून दुसरा प्रॉब्लेम निघतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्र बांधलं तर गाळ टाकायचा कुठे, धरण बांधलं तर कोळसा न जाळता वीज मिळते पण मासे वर जात नाहीत, गाळ खाली येत नाही आणि माणसं उठवावी लागतात ती वेगळीच.

सगळ्यात अवघड अरल समुद्राचा प्रश्न, म्हणजे मध्य आशियातलं एक भलंमोठं खारं सरोवर. १९६० नंतर कापसासाठी अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी एवढं वळवलं की समुद्रच आटला. उपाय सुचवा! कापूस बंद म्हणावं तर शेतकऱ्यांनी खायचं काय, म्हणून मी ठिबक सिंचन लिहितो, गळके कालवे दुरुस्त करा लिहितो. कझाकस्तानने २००५ मध्ये कोक-अरल बांध पूर्ण केला, उत्तरेकडचं पाणी चढलं, खारटपणा उतरला, मासे परत आले. पण दक्षिणेकडचा बराचसा भाग कोरडाच, नुसतं खारं वाळवंट. आणि कहर म्हणजे तिथे खरोखर काय करतायत माहितीये? झाडं लावतायत. सॅक्सॉल नावाची, त्या खारट जमिनीत तग धरणारी, म्हणजे मिठाची धूळ उडायची कमी होते.

आता हे लिहिलं की तपासणाऱ्याला वाटणार पोराने तोच घासून गुळगुळीत झालेला मुद्दा टाकलाय. म्हणून मी सॅक्सॉल ठळक लिहितो आणि खाली दोन रेघा मारतो.