‘अपलोड शून्य करा’ हा सल्ला पाळू नका

आमच्या दारव्हा तालुक्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज फिरतोय: “टोरेंटसाठी यूटोरेंट प्रोचा क्रॅक टाका. अपलोड शून्य करा, डेटा वाचेल, स्पीड दुप्पट होईल. मधात लाइन गेली तर फाइल पहिल्यापासून घ्यावी लागते.” गावातले पोट्टे वाचनालयातल्या संगणकावर हेच करायला लागले, म्हणून लिहितोय. टोरेंट म्हणजे मोठी फाइल एकाच ठिकाणाहून न घेता, ती असलेल्या अनेकांच्या संगणकांवरून तुकड्यातुकड्यांनी घ्यायची पद्धत. घेता घेता आपणही आपले तुकडे इतरांना देतो, तोच इथला अपलोड. यूटोरेंट हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर, ‘प्रो’ ही त्याची पैशाची आवृत्ती आणि क्रॅक म्हणजे ती पैसे न देता चालवायची चोरटी प्रत.

आधी अपलोड, कारण खरं नुकसान तिथं आहे. यूटोरेंटच्या सेटिंगमध्ये अपलोडच्या रकान्यात 0 टाकलं की अपलोड बंद होत नाही. 0 म्हणजे ‘मर्यादाच नाही’. क्यूबिटटोरेंट या दुसऱ्या टोरेंट सॉफ्टवेअरमध्येही तसंच. डेटा वाचवायला निघालेला माणूस स्वतःच्याच हातानं नळ पूर्ण सोडून देतो! त्यात हॉटस्पॉटवर अपलोडची वाट आधीच अरुंद. ती भरली की ‘मिळालं, पुढचं पाठवा’ ही पोचही वेळेवर जात नाही आणि डाउनलोड रखडतं.

मग 1 टाकायचं का? तेही नको. ब्रॅम कोहेननं 2001 साली बिटटोरेंट आणलं ते सावडीच्या हिशोबावर. ज्यांची फाइल अजून अर्धवट आहे ते, जो तुकडे देतो त्यालाच आधी देतात. पूर्ण फाइलवाले सीडर भरपूर असले तर हे जाणवत नाही, पण मोजकेच असले की हात आखडणाऱ्याचा नंबर मागं जातो. म्हणून स्पीड टेस्ट करा आणि अपलोडच्या साधारण 80 टक्के आकडा ठेवा. टेस्ट 2 एमबीपीएस (सेकंदाला 2000 किलोबिट) दाखवत असेल तर आठ बिटांचा एक बाइट या हिशोबानं ते सेकंदाला 250 केबी (किलोबाइट) झाले, रकान्यात 200 लिहा. आठानं भागायला विसरू नका, चूक बहुतेक वेळा इथंच होते.

डेटाची काळजी मात्र खरी आहे. अपलोडही रोजच्या कोट्यातूनच कापला जातो. त्यासाठी क्यूबिटटोरेंटमध्ये रेशो 1 झाला की थांबायची सोय आहे, ती लावा. जेवढं घेतलं तेवढं दिलं, की बंद.

लाइन गेली तर पहिल्यापासून? अजिबात नाही. फाइल तुकड्यातुकड्यांनी येते आणि प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्या तुकड्यातल्या माहितीवरून काढलेला ओळखीचा आकडा, जुळवला जातो. संगणक अचानक बंद पडला तर पुन्हा सुरू करून ‘फोर्स रीचेक’ द्या. जुळलेले तुकडे राहतात, बिघडलेले तेवढेच परत येतात. वाचनालयाच्या जुन्या संगणकासाठी लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमची फाइल आम्ही भारनियमनात अशीच दोन दिवसांत उतरवली. आमच्याकडे तर टोरेंटचा खरा उपयोग हाच आहे.

राहिला क्रॅक. हॅश जुळला म्हणजे फाइल मूळ टोरेंटसारखी आहे, एवढंच कळतं. मूळ फाइलमध्येच व्हायरस असला तर तोही जसाच्या तसा येतो. आणि पैसे वाचवायला क्रॅक हवाच कशाला? 2006 पासून असलेला क्यूबिटटोरेंट फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, त्यात जाहिराती नाहीत. तो त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. वाचनालयातला क्रॅक मी काल काढून टाकलाय. ज्यांनी घरी टाकला असेल त्यांनी तो काढून आधी पूर्ण स्कॅन करा.