पोरांना शिव्या घालण्याआधी वहीचं एक पान काढा

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरत होता, 'आजकालची कॉलेजची पोरं ऐश करायला कर्ज काढतात.' खाली धडाधड अंगठे. डोकंच फिरलं.

समोरच्या बिल्डिंगमध्ये कॉट बेसिसवर राहणारा एस.वाय. बीकॉमचा पोरगा. मेसचे ३,००० थकले म्हणून ॲपवरून ५,००० घेतले. हातात आले ३,२००. बाकीचे १,८०० 'प्रोसेसिंग फी'. सातव्या दिवशी पूर्ण ५,००० भरायचे. आठवड्याला ५६ टक्के झाले हे! ते फेडायला दुसरं ॲप, मग तिसरं. आता सहा आहेत आणि वर्गातल्या मुलींपासून मावशीपर्यंत सगळ्यांना वसुलीवाल्यांचे मेसेज गेलेत. यात ऐश कुठली?

हो, आयफोनसाठी काढणारेही असतात. असू देत.

कुणाच्या घरी असं पोर असेल तर आधी सातवं ॲप थांबवा. पण घाबरून आहेत ती ॲपं लगेच उडवू नका, कर्जाचे कागद त्यातच असतात. स्क्रीनशॉट काढा, बँकेचं स्टेटमेंट घ्या. वहीत लिहा: कुठलं ॲप, कुठल्या तारखेला, हातात किती आले, किती भरले, कुणाच्या खात्यात. या पोराने कागदावर मांडलं तेव्हा दोन ॲपांना घेतल्यापेक्षा जास्त भरून झालं होतं. त्यालाच माहीत नव्हतं! मग ॲपला दिलेली कॉन्टॅक्ट आणि फोटोंची परवानगी बंद करा, त्यानंतर ॲप उडवा.

ॲपमागे नोंदणीकृत बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली, कर्ज देणारी कंपनी) आहे का, ते रिझर्व्ह बँकेच्या साइटवरच्या यादीत बघा. असेल तर आधी त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी ईमेल. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार. फुकट आहे, वकील लागत नाही. यादीत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तक्रार. धमक्या, फोटोंशी खेळ असलं काही असेल तर सरळ १९३० ही सायबर हेल्पलाइन आणि पोलीस ठाणं. नोंदणीकृत कंपनीलाही सकाळी ८ च्या आधी, संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही. मित्र-नातेवाइकांत बदनामी तर नाहीच नाही.

ऑटोपे बंद करा, नाहीतर खात्यात पैसे नसताना हप्ता परत जातो आणि बँक वर दंड लावते. त्याने कर्ज माफ होत नाही, हेही पोराला सांगा. खरं देणं असेल ते द्यायचं, पण कंपनीच्या खात्यात. एजंटच्या यूपीआयवर एक रुपया नाही. 'कमी भर, मिटवू' म्हणाले तर सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' लागतं आणि पुढे शैक्षणिक कर्ज मागताना तेच आडवं येतं. जमलं तर पूर्ण भरून 'क्लोज्ड' करून घ्या, एनओसी, म्हणजे देणं बाकी नसल्याचं पत्र, हातात घ्या.

आणि कृपा करून, ओरडू नका. हा पोरगा दोन महिने घरी बोलला नाही तो बापाच्या भीतीने.

मूळ दुखणं तर निघालं भलतंच. शिष्यवृत्ती मंजूर आहे, सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर दिसतेय. पण पैसे येतात आधार जोडलेल्या खात्यात, आणि याचं आधार जोडलेलं गावाकडच्या शाळेतल्या जुन्या खात्याला. पासबुक आईकडे, डब्यात. उद्या ती बँकेत जाऊन भरून आणणार आहे.