फ्रीज उघडून न बघताच "गॅस गेलाय"?

आज शेजारच्या काकूंकडे फ्रीजवाला आला होता. वर फ्रीजरमध्ये बर्फ दगडासारखा आणि खाली दूध नासतंय, भाजी घामेजतेय. त्याने मागून हात लावला, "गॅस गेलाय, तीन हजार होतील, त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवा घ्या" म्हणाला आणि व्हिजिटचे पैसे घेऊन निघून गेला. पिशवीतून स्क्रू ड्रायव्हरसुद्धा काढला नाही हो! माझा संताप अजून उतरलेला नाही.

माझ्या आईच्या फ्रीजचं अगदी हेच झालं होतं. तिलाही गॅस भरायला लावला, आणि गंमत म्हणजे फ्रीज चालला की! थोडे दिवस झकास, मग परत दूध नासलं. का चालला माहितेय? कारण गॅस भरायला फ्रीज रात्रभर बंद होता आणि आतला बर्फ आपोआप वितळला. बस्स, एवढंच.

फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये, म्हणजे ज्यातला बर्फ आपोआप वितळतो त्यात, फ्रीजरच्या मागच्या पॅनलआड कॉइल, म्हणजे गार होणारी वळणावळणाची नळी असते. तिच्यावर बर्फ धरतोच, म्हणून साधारण आठ-बारा तासांनी कॉम्प्रेसर थांबतो, हीटर लागतो, बर्फाचं पाणी होऊन नळीतून मागच्या ट्रेमध्ये जातं. हा हीटर लागला नाही की कॉइल बर्फात गाडली जाते, हवा खाली उतरतच नाही. मग पॅनल उघडा ना! कॉइल सगळी पांढरी असेल तर बिघाड डीफ्रॉस्टमध्ये, म्हणजे बर्फ वितळवण्याच्या या यंत्रणेत. गॅस कमी असेल तर बहुतेक वेळा एका टोकालाच बर्फ दिसतो, बाकी कॉइल उघडी. हे बघायला चार स्क्रू काढावे लागतात, फार तर पाच.

आईकडे शेवटी एक म्हातारे मेकॅनिक आले, सायकलवरून. आधी प्लग काढला, पॅनल उघडलं, बर्फ वितळू दिला आणि मीटर लावून बघितलं, थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापलं तर हीटरची वीज तोडणारा फ्यूज, उडालेला. बोटाएवढा पार्ट, गॅसच्या पैशांपुढे काहीच नाही. बायमेटल, म्हणजे कॉइल गार असेपर्यंतच हीटरला वीज जाऊ देणारा छोटा स्विच, त्यांनी मुद्दाम बर्फात धरून तपासला, कारण तो गरम असताना सर्किट तोडतोच, नुसता बाहेर तपासला तर चांगलासुद्धा खराब वाटतो. आईने त्यांना जेवायला बसवलं होतं.

ठीक आहे, कधीकधी गॅस खरंच जातो, आणि सगळे मेकॅनिक तसे नसतात. दिवसभर ऊन-पावसात गाडीवर फिरणाऱ्या पोरांवर वरून टार्गेट असतं हेही मला कळतं, त्यांच्यावर खरं तर राग नाही. पण एकट्या राहणाऱ्या पेन्शनवरच्या बाईला न बघता तीन हजार सांगायचे? माझ्या आईलाही असंच सांगितलं होतं, आणि ती बिचारी "मीच दार नीट लावत नसेन" म्हणत बसली होती! हे मला सहन होत नाही.

तर मंडळी, गॅस म्हणाला की आधी पॅनल उघडायला लावा. हीटर कधी लावायचा ते ठरवणारा टायमर असलेला जुना फ्रीज असेल तर टायमरचा स्क्रू टक् होईपर्यंत हळूहळू फिरवायला सांगा. कॉम्प्रेसर थांबून हीटर लागला, बर्फ सुटायला लागला, तर टायमरच गेलाय. आणि घरी बर्फ सुरीने खरवडू नका हं, कॉइलला भोक पडलं तर मात्र खरोखरच गॅस जाईल. प्लग काढा, दार उघडं ठेवा, खाली जुनी चादर टाका. पार्ट बदलला की जुना मागून घ्या.